माळ्यावरचा घडीचा कॅमेरा पुन्हा चालता करताना

खानापूर तालुक्यात माझ्या आत्याचं घर आहे. तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या साफसफाईत तिच्या माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली काढली, तेव्हा समया, पातेली आणि एक फुटका कंदील यांच्याखाली जुन्या धोतरात गुंडाळलेला आग्फा आयसोलेट निघाला. आत्याच्या सासऱ्यांचा. "बंद पडलाय रे तो, शोकेसमध्ये ठेव," आत्या म्हणाली. बटण दाबलं तर झाकण अर्धं उघडून अडकलं. शटर दाबलं तर काहीच झालं नाही. आज त्याच कॅमेऱ्यावर माझे तीस-पस्तीस रोल झालेत. बंद पडलेला वाटणारा घडीचा कॅमेरा बहुतेक वेळा नुसता आखडलेला असतो आणि घरच्या घरी तो मोकळा करता येतो. तुमच्याही घरात असा एखादा निघाला असेल, तर त्याचं पुढं काय करायचं ते क्रमानं सांगतो.

ओळख थोडक्यात. घडीचा कॅमेरा मिटलेला असताना जाडजूड पाकिटाएवढा असतो. उघडला की लेन्स काळ्या भात्यासकट पुढं येते. पेटीला असतो तसाच हा भाता, फक्त यात हवेऐवजी अंधार कोंडायचा असतो. १९३० ते १९५५ च्या सुमाराचे झाइस आयकॉनचे नेटार आणि आयकॉन्टा, आग्फाचे आयसोलेट, फोक्टलँडरचा बेसा, कोडॅकचे अनेक प्रकार आणि रशियन मॉस्क्वा, हे तुम्हाला भेटण्याची शक्यता जास्त. घरी नसेल तर मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार किंवा ऑनलाइन विक्री आहेच. पण आधी आपल्या गावातल्या बंद झालेल्या स्टुडिओंच्या मालकांना विचारा. बेळगावला फोटोचा नाद जुना आहे. १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद इथं आले, तेव्हा त्यांचा फोटो काढणारा स्टुडिओ गावात होता. इतक्या जुन्या नादाच्या गावात कपाटं रिकामी नसतात.

मागचं झाकण उघडण्याआधी

कॅमेरा हातात आला की मागचं झाकण लगेच उघडू नका. मागं एक छोटी लाल काच असते, तिला लाल खिडकी म्हणतात. तिच्यातून आत बघा. कागद, एखादा आकडा किंवा बाण दिसला तर आत रोल आहे. तो चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा असला तरी त्यावर चेहरे असू शकतात. अशा वेळी फिल्म पुढं न्यायची चकती सावकाश फिरवत राहा. कागद संपून चकती हलकी झाली की पूर्ण अंधारात झाकण उघडा आणि रीळ काढून कागदी पट्टीनं घट्ट बांधा. जुने रोल धुणाऱ्या माणसाकडंच तो द्या. आत्याच्या कॅमेऱ्यात रोल नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं.

आत कोणतं रीळ बसतं तेही आत्ताच बघा. १२० नंबरची फिल्म १९०१ पासून आहे आणि आजही सर्रास मिळते. कोडॅकच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना मात्र ६२० लागते. तिची रुंदी तीच, पण रीळ बारीक, आणि ती १९९५ मध्ये बंद झाली. ६२० चा कॅमेरा मिळाला म्हणून नाराज होऊ नका. ६२० ची दोन रिकामी रिळं असली की अंधारात १२० ची फिल्म एकावर आणि त्यावरून पुन्हा दुसऱ्यावर गुंडाळता येते. दोनदा गुंडाळायचं कारण असं की फिल्म कागदाला एकाच टोकाला चिकटवलेली असते आणि ते टोक शेवटी बाहेरच्या बाजूला यायला हवं. ११६ किंवा १२७ लिहिलेला कॅमेरा पहिल्यांदाच शिकायला घेऊ नका.

आणि आत जे रिकामं रीळ सापडेल ते टाकू नका. तुमच्या पहिल्या फिल्मला गुंडाळून घ्यायला तेच लागणार.

हत्यारं

फार काही लागत नाही. बारीक स्क्रूड्रायव्हरचा सेट, पण चांगल्या पोलादाचा, कारण मऊ टोकानं स्क्रूची खाच खराब होते. घड्याळवाल्याचं डोळ्याला लावायचं भिंग, टोकदार चिमटा, इअरबड, लायटरमध्ये भरायचा द्रव, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल, धूळ उडवायचा रबरी फुगा, मऊ ब्रश, आणि स्क्रू हरवू नयेत म्हणून खाली पसरायला पांढरा टॉवेल. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. कोणता स्क्रू कुठला, हे डोक्यात राहील असं वाटतं, पण राहत नाही.

खडे बाजारातल्या एका जुन्या घड्याळवाल्या काकांकडं मी माझा कॅमेरा घेऊन गेलो होतो. त्यांनी तो भिंगाखाली धरला, पाच मिनिटं नुसता फिरवून बघितला, कशालाही हात लावला नाही. मग म्हणाले, "सावकाश. जोर लावलास की संपलं बघ." सावकाश हा शब्द आमच्याकडं मराठीतही तोच आणि कन्नडमध्येही तोच. घरी येऊन मी तो कागदावर लिहून टेबलाच्या वर चिकटवला. या सगळ्या कामात जिथं जिथं माझं नुकसान झालं, तिथं मी जोर लावलेला होता.

भाता

सुरुवात भात्यापासून करा, कारण तो फाटका असेल तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते. रात्री खोली पूर्ण अंधारी करा. कॅमेरा उघडा, मागचं झाकण काढून मोबाइलचा टॉर्च भात्याच्या आत धरा आणि बाहेरून चारी बाजूंनी बघा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दोन मिनिटं द्या. माझ्या आयसोलेटवर मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा एकेका घडीच्या कोपऱ्यात चांदण्या उगवल्यासारख्या दिसल्या. मोजल्या, अकरा होत्या. आग्फाच्या युद्धानंतरच्या कॅमेऱ्यांचा हा नेहमीचा दोष आहे. त्यांचा भाता चामड्यासारखा दिसतो, पण सामान कृत्रिम असतं आणि घडीच्या टोकांवर ते चिरतं. झाइसचे भाते त्या मानानं पुष्कळ टिकलेले असतात.

चार-सहा बारीक भोकं असतील तर काळा फॅब्रिक कलर आणा, कपड्यावर नक्षी रंगवायचा असतो तो. वाळल्यावरही तो लवचिक राहतो. भाता पूर्ण ताणलेला ठेवून बारीक ब्रशनं बाहेरच्या बाजूनं भोकावर अगदी पातळ थर द्या. चार तासांनी दुसरा द्या. रात्रभर कॅमेरा उघडाच ठेवा. सकाळी मिटण्याआधी घड्यांवर किंचित टाल्कम पावडर लावून फुंकून टाका, नाहीतर रंगाच्या घड्या एकमेकींना चिकटतील. जाड थर एकदाच फासायचा मोह होतो. पण जाड थर घडी मिटू देत नाही आणि लेन्सची बैठक तिरपी करतो. पांढरा डिंक तर आमच्याकडच्या पावसात कधीच वापरू नये. जुलैत तो पुन्हा ओलसर होतो.

चीर लांब असेल तर रंग पुरणार नाही. पेटी दुरुस्त करणाऱ्याकडं भात्यासाठीचं पातळ चामडं असतं. त्याची काडीइतकी अरुंद पट्टी, कडा ब्लेडनं तासून, आतल्या बाजूनं लावता येते. माझ्या अकरा चांदण्यांपैकी आठ रंगानं बुजल्या आणि तीन ठिकाणी अशी पट्टी लागली. पूर्ण भाताच सडलेला असेल तर नवा भाता घडवणं शक्य आहे, पण पहिल्याच कॅमेऱ्यावर ते काम अंगावर घेऊ नका. त्यापेक्षा दुसरा कॅमेरा शोधा.

दुरुस्तीनंतर टॉर्चची चाचणी पुन्हा करा. आठवड्यानं आणखी एकदा करा, दहा-बारा वेळा उघडमीट झाल्यावर.

शटर

आता शटर. आधी एक गोष्ट तपासा, नाहीतर चांगलं शटर बिघडलेलं वाटेल. बऱ्याच मॉडेलांत एकाच जागी दोनदा फोटो निघू नये म्हणून कुलूप असतं. आत फिल्म नसताना वरचं बटण दाबलंच जात नाही. अशा वेळी लेन्सजवळची शटरची कळ थेट हलवून बघा. कॉम्पुर, प्रॉन्टर-एस अशा शटरना आधी छोटी दांडी ओढून चढवावं लागतं. वारिओसारखं साधं शटर न चढवताच चालतं, त्याला सेकंदाचे १/२५, १/७५, १/२०० असे तीनच वेग असतात.

शटर उघडतं आणि उघडंच राहतं, किंवा सेकंदाचा वेग लावला की मध्येच थांबतं, हा तर जवळजवळ प्रत्येक जुन्या शटरचा आजार. कारण एकच, साठ-सत्तर वर्षांत आतलं तेल घट्ट होऊन पातींवर, म्हणजे उजेड अडवणाऱ्या पातळ पत्र्यांवर, उतरलेलं असतं. उपाय तेल घालणं नाही. शटरच्या पाती कोरड्याच चालतात. गंज काढायचे फवारे तर कॅमेऱ्याच्या आसपासही आणू नका, त्यांचं तेल आत पसरतं आणि लेन्सवर येऊन बसतं.

शटरपर्यंत जायला पुढची लेन्स काढावी लागते. अंतराचे आकडे असलेल्या कड्यावर तीन अतिशय बारीक स्क्रू असतात. कडं अनंतावर ठेवा, म्हणजे आडव्या आठच्या खुणेवर, आणि तिन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सैल करा, पूर्ण काढू नका. कडं निघालं की लेन्सच्या कडेवर आणि शटरच्या तोंडावर समोरासमोर पेन्सिलीची खूण करा. मग लेन्स उलटी फिरवत जा, आणि ती ज्या क्षणी आट्यांतून सुटते तिथं दुसरी खूण करा. ही दुसरी खूण सगळ्यात महत्त्वाची. लेन्सच्या आट्या एकाच जागेवरून सुरू होत नाहीत, तीन-चार जागांवरून होतात. चुकीच्या जागेवरून बसवली तर लेन्स बसते, फिरते, सगळं ठीक वाटतं आणि फोकस मात्र कधीच लागत नाही. मी पहिल्या वेळी ही खूण केली नव्हती, त्यापायी एक अख्खा रविवार गेला.

आयसोलेटवाल्यांना इथं आणखी एक अडचण येईल. आग्फानं वापरलेलं हिरवं ग्रीस काळानुसार लाखेसारखं कडक होतं आणि पुढची लेन्स मधल्या लेन्सला घट्ट धरून ठेवते. तुम्ही पुढची फिरवता आणि दोन्ही मिळून बाहेर येतात. येऊ द्या. मग त्या जोडीच्या सांध्यावर आयसोप्रोपिलचे दोन थेंब सोडा, हेअर ड्रायरनं कोमट करा, कापडात धरून हलका पीळ द्या, सुटलं नाही तर ठेवून द्या आणि उद्या पुन्हा. माझी लेन्स पाचव्या दिवशी सुटली. पक्कड लावली असती तर पहिल्याच दिवशी पितळ चेपलं असतं. सुटल्यावर आट्यांवरचं हिरवं ग्रीस इअरबडनं पूर्ण साफ करा आणि नवं ग्रीस काडीच्या टोकावर मावेल इतकंच लावा.

पुढची आणि तिच्यामागची मधली लेन्स निघाली की पाती उघड्या पडतात. इअरबड लायटरच्या द्रवात बुडवून झटका, ओलसर राहील इतकाच, आणि पातींवरून हलक्या हातानं फिरवा. शटर चालवा. पुन्हा पुसा, पुन्हा चालवा. वीस-पंचवीस वेळा. प्रत्येक वेळी इअरबडवर तपकिरी डाग येईल, तो यायचा थांबला की पाती स्वच्छ झाल्या. द्रव पूर्ण उडून गेल्यावरही शटर अडखळत नसेल, तर काम झालं. हे काम खिडकी उघडी ठेवून, देवघरातल्या दिव्यापासून आणि गॅसपासून लांब करा. द्रव पटकन पेट घेतो.

दोन नियम पाठ करून ठेवा. कॉम्पुर शटरवर सगळ्यात वरचा वेग लावायचा असेल तर शटर चढवण्याआधी लावा, कारण त्या वेगाला वेगळी स्प्रिंग जोडली जाते आणि चढवलेल्या शटरवर ती ओढली की नुकसान होतं. आणि स्वतःचा फोटो काढायची ती उशिराची कळ, सेल्फ टायमर, तिला जुन्या शटरवर हातच लावू नका. ती मध्येच अडकली की शटरही अडकून पडतं.

वेग बरोबर आहे का ते मोबाइल सांगतो. सेकंदाला २४० चित्रं घेणाऱ्या स्लो मोशनमध्ये उजेडाकडं तोंड करून शटर चित्रित करा आणि ते उघडं दिसणारी चित्रं मोजा. १/२५ ला साधारण दहा यायला हवीत. पंधरा आली तर शटर तेवढं संथ आहे, तो आकडा वहीत लिहून ठेवा आणि छिद्र (लेन्समधून उजेड आत येण्याची वाट, तिचं माप एफच्या आकड्यांत असतं, आकडा मोठा तितकी ती लहान) तेवढं कमी करा. निगेटिव्ह फिल्मला थोडा जास्त उजेड चालतो, कमी चालत नाही, म्हणून किंचित संथ शटरची काळजी करत बसू नका.

बुरशी आणि काच

लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आमच्याकडं, विशेषतः जांबोटी-खानापूर पट्ट्यात, चार महिने पाऊस आणि दमट हवा, त्यामुळं ती असणारच असं धरून चाला. वरवरची असेल तर लेन्सच्या कापडावर आयसोप्रोपिल घेऊन मधून कडेकडं पुसलं की निघते. काचेत खोल गेलेल्या रेषा निघत नाहीत. थोड्या असतील तर फोटोत कळतही नाहीत. लेन्सवर फुंकर मारून शर्टाच्या टोकानं पुसणं मात्र आजपासून बंद.

अनंताचा फोकस

लेन्स परत बसवली की अनंत पुन्हा जुळवावा लागतो. बटर पेपरचा तुकडा, फिल्म जिथं बसते त्या चौकटीवर, रुळांना टेकेल असा ताणून चिकटवा. शटर बी वर ठेवा (दाबून धरलं तोवर शटर उघडं राहतं ती खूण) आणि केबल रिलीजनं, म्हणजे शटर दाबायच्या लवचिक तारेनं, उघडं धरा. आता लांबच्या वस्तूवर रोखा. मी वडगावच्या बाहेर येळ्ळूर रस्त्याला शेताच्या बांधावर बसतो, समोर राजहंसगड असतो. गडाची तटबंदी आकाशावर कापल्यासारखी दिसते, त्याहून चांगलं लक्ष्य शोधून सापडणार नाही. डोक्यावर काळं कापड घेऊन बटर पेपरवर भिंगातून बघत लेन्स केसभर-केसभर फिरवायची. गड उलटा दिसतो. आधी धुरकट, मग तटाची कड उमटते, मग बुरुजावरच्या झुडपाचा आकार. किंचित पुढं गेलं की पुन्हा धुरकट. मागं-पुढं चार वेळा करून मधली जागा पकडा. लेन्स तिथं हलू न देता कडं अनंतावर बसवून तिन्ही स्क्रू आवळा.

चित्राचे चारही कोपरे सारखे स्पष्ट आहेत का तेही बघून घ्या. एकच बाजू धुरकट असेल तर पुढची बैठक तिरपी आहे. ती हातानं वाकवू नका, बाजूच्या दांड्या पूर्ण अडकल्यात का ते आधी बघा.

सुटलेलं बाहेरचं चामडं, सैल हँडल, मळलेली धातूची कड ही कामं शेवटी करा. त्यांनी कॅमेरा दिसतो छान, चालत नाही.

पहिला रोल

पहिल्या रोलला १०० किंवा १२५ वेगाची (हा वेग शटरचा नाही, फिल्म उजेड किती पटकन टिपते त्याचा आकडा, आयएसओ) कृष्णधवल फिल्म घ्या. इल्फर्डची एफपी४ प्लस किंवा फोमाची फोमापॅन १०० चांगली. ४०० ची फिल्म आपल्याकडच्या उन्हात १/२०० च्या शटरला झेपत नाही, छिद्र एफ २२ पर्यंत मिटवावं लागतं. पावसाळ्यात मात्र ४०० च हवी. १२० फिल्म आता गावच्या दुकानात क्वचितच मिळते, ती कुरियरनं मागवावी लागते. आली की फ्रिजमध्ये ठेवा आणि वापरण्याआधी दोन-तीन तास बाहेर काढून मगच पाकीट फोडा. थंड फिल्मवर दमट हवेतलं पाणी धरतं.

रोल नेहमी सावलीत भरा, उन्हात उभे असाल तर निदान अंगाच्या सावलीत. कागदाचं टोक रिकाम्या रिळाच्या खाचेत सरळ बसवा, दोन फेरे द्या, कागद दोन्ही कडांना समान आहे ना ते बघा, मगच झाकण बंद करा. लाल खिडकीत आधी बाण किंवा ठिपके येतात, मग १. चौकोनी ६ बाय ६ सेंटिमीटरचे १२ फोटो निघतात, ६ बाय ९ चे ८. लाल काच जुन्या काळच्या फिल्मसाठी होती, त्या फिल्मना लाल रंग दिसत नसे. आजच्या फिल्मला दिसतो. म्हणून खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा आणि रोल पुढं नेतानाच, सावलीत, ती उचला.

अंतर डोळ्यानं मोजावं लागतं. कड्यावरचे आकडे फुटांत आहेत की मीटरमध्ये ते आधी खात्री करून घ्या. १० फूट आणि १० मीटर यांत तिपटीहून जास्त फरक आहे. सराव घरातच करा. खाटेची लांबी सहा फूट, म्हणजे खाटेच्या एका टोकाला तुम्ही आणि दुसऱ्या टोकाला आज्जी. दोन खाटांचं अंतर डोळ्यात बसलं की बारा फूट आला. उन्हातल्या दृश्यांसाठी सोपा मार्ग आहे. ७५ मिमीच्या लेन्सला एफ ११ वर अंतर १० मीटर लावलं की ५ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. कित्येक नेटारवर या दोन जागांना लाल ठिपके असतात, ते यासाठीच.

उजेडाचा हिशोबही मीटरशिवाय जमतो. १०० ची फिल्म, लख्ख ऊन, तर १/१०० आणि एफ १६. शटरला १/७५ असेल तर तेच लावा, छिद्र एफ १६ ठेवा. पातळ ढग असतील तर एफ ११, मऊ सावल्या असतील तर एफ ८, सावल्याच पडत नसतील तर एफ ५.६. बेळगावच्या ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या उन्हात हा हिशोब मला आजवर फसवून गेलेला नाही.

कॅमेरा उघडताना झाकणाला हात देऊन सावकाश उघडा. झटक्यात उघडला तर भात्यात हवा खेचली जाते आणि फिल्म जागेवरून पुढं ओढली जाते, मधला भाग धुरकट येतो. याच कारणासाठी रोल पुढं न्यायचा तो कॅमेरा उघडल्यावर, फोटोच्या आधी. उघडा, पुढं न्या, शटर चढवा, काढा, मिटा. प्रत्येक वेळी याच क्रमानं गेलात तर एकावर एक फोटोही येणार नाहीत. शटर दाबताना कोपर बरगड्यांना टेकवा, अर्धा श्वास सोडा आणि बटण दाबायचं तसं न दाबता बोटानं पिळत आणा. १/२५ ला हात हलला की सगळी मेहनत पाण्यात. सूर्य बाजूला असेल तर डाव्या तळव्यानं लेन्सवर सावली धरा. जुन्या काचेला तिरपं ऊन सोसत नाही, चित्र फिकं पडतं.

कुठं जायचं? बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती हे जैन मंदिर १२०४ मधलं. आतलं दगडी कमळ अंधारात आहे, ते दुसऱ्या-तिसऱ्या रोलला, परवानगी विचारून, कॅमेरा टेकवून. पहिल्या रोलला बाहेरचं बघा, खंदकाकडची भिंत, हलशीच्या कदंबकालीन मंदिरांची शिखरं, शहापुरातल्या गल्ल्यांत सकाळी आठचं ऊन. गोकाकचा धबधबा पावसाळ्यात फार ओढ लावतो, पण त्याचे तुषार लांबवर उडतात. भिजलेला भाता मिटला तर घड्या चिकटतात, तेव्हा तिथं छत्री धरणारा सोबती न्या. आणि कॅम्प भागात लष्करी फाटकांच्या दिशेनं कॅमेरा उघडू नका. जुना कॅमेरा बघून लोक कौतुकानं जवळ येतात, तिथं मात्र येणार नाहीत.

रोल धुणं

लॅबला पाठवता येतो, पण घरी धुणं अवघड नाही. फिल्म धुण्याची उजेडबंद टाकी, रसायनं आणि अंधार एवढंच लागतं. आमच्या मोरीच्या झरोक्याला मी रात्री घोंगडी लावतो, एक किरणही येत नाही. टाकीचं चाक, ज्यावर फिल्म गुंडाळतात ते, पूर्ण कोरडं हवं. पावसाळ्यात नुसतं पुसून भागत नाही, मी ते तासभर पंख्याखाली ठेवतो, नाहीतर फिल्म मध्येच अडकते आणि अंधारात घाम फुटतो.

एफपी४ प्लसला इल्फर्डचं आयडी-११ हे डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, एकास एक पाणी मिसळून, २० अंशांना ११ मिनिटं. दर मिनिटाच्या सुरुवातीच्या दहा सेकंदांत टाकी चार वेळा उलटी-सुलटी. थंडीत सकाळी पाणी आपोआप विशीच्या जवळ असतं. एप्रिलमध्ये बादलीत बर्फ टाकून आणावं लागतं, किंवा २४ अंशांना सुमारे ८ मिनिटं द्यावीत. मग एकदा साधं पाणी, मग फिक्सर, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, पाच मिनिटं. शेवटचं धुणं वाहत्या नळाखाली करायची गरज नाही, उन्हाळ्यात नळाला पाणी कुठलं? टाकी भरा, पाच वेळा उलटवा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा, ओता. पुन्हा भरा, वीस वेळा. एवढ्यात फिल्म स्वच्छ होते. सगळ्यात शेवटी डिस्टिल्ड वॉटरमधून काढा, कारण विहिरीच्या जड पाण्याचे पांढरे डाग निगेटिव्हवरून जात नाहीत.

पहिला रोल टांगला की तो उजेडासमोर धरून आधी दोष वाचा. चित्राच्या चौकटीत पसरलेला गडद पट्टा दिसला तर तो भाता. एकाच जागी, प्रत्येक फोटोवर येत असेल तर भोक कुठं आहे ते त्याच्या जागेवरून कळतं, पण चित्र उलटं असतं हे ध्यानात ठेवून शोधा. गोल गडद डाग असेल तर लाल खिडकी. लांबलचक समांतर ओरखडे असतील तर रुळांवर गंज. सगळे फोटो सारखेच धुरकट असतील तर अनंत चुकलाय, एकच असेल तर अंतर चुकलंय. माझ्या पहिल्या रोलच्या बारापैकी पाच बरे आले होते. सहावा आत्याचा होता, तुळशीसमोर उभी. तिच्या खांद्यावर उजेडाचा एक पट्टा आलाय. तिला तोच आवडतो, तिनं फ्रेम करून लावलाय.

६ बाय ९ चा कॅमेरा असेल तर एकदा निगेटिव्ह सरळ फोटोच्या कागदावर ठेवून छापून बघा. घरच्या जुन्या अल्बममध्ये काळ्या कोपऱ्यांत अडकवलेले ते लहान फोटो बरेचदा असेच छापलेले असतात, निगेटिव्हच्याच मापाचे.

पावसाळ्यासाठी

मे संपत आला की कॅमेरा चामड्याच्या जुन्या पाकिटातून काढा. ते पाकीट बुरशीचं घर आहे, वेगळं ठेवा. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह. निळ्या पुड्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर परताव्यात, म्हणजे त्या पुन्हा निळ्या होतात. तांदूळ घालू नका, त्याची पिठी शटरमध्ये जाते. आणि दर पंधरा दिवसांनी, ऊन पडलं असेल त्या दिवशी, डबा उघडा. भाता पूर्ण उघडून कॅमेरा अर्धा तास खिडकीत ठेवा, शटर प्रत्येक वेगावर चार-चार वेळा चालवा, फोकसचं कडं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मग शटर न चढवता, स्प्रिंग सैल ठेवून, परत मिटा.